टेम्पोवाल्या बाबांसाठी काढलेला गळा

आता कसं सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडानं माझी अब्रू काढायची म्हणजे! पण चहा घ्या आणि ऐका.

आमची साक्षी बारावी झाली. डॉक्टर व्हायचंय म्हणते. मग अभ्यास करावा ना? तर ही भिंगारला माझ्या बहिणीकडं राहून रोज एका सेवाघरात फुकट राबायला जाते. बरी न होणारी माणसं ठेवतात तिथं. का जाते? तर म्हणे, "आई, आधी बघू दे, मला हे सोसतंय का."

"गोठ्यातलं शेन सोसत न्हाई तुला!" मी फोनवरच ओरडले. तिसगावच्या स्टँडवरून एसटी धरली. झिंज्या धरून घरी आणायची, असं ठरवूनच निघाले.

तिथं दारात पोचले. समोर खाटेवर एक माणूस, तोंडावरून चादर ओढलेली. पायाशी आमची साक्षी, मान खाली, डोळ्यांतून धारा.

गेलं की हो कुणीतरी!

आता आमच्याकडं मयताच्या दारात मुकाट जायची रीत नाही. बाईमाणसानं उंबऱ्यातच गळा काढायचा, नाहीतर जन्मभर बोलतात. आणि माझा गळा म्हणजे शेजारच्या वस्तीवर ऐकू जातो! माणसाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तरी पिशवी टाकली, ऊर बडवला आणि सुरू झाले.

"अरं माझ्या बाबाऽऽ! एवढी गुरंढोरं टाकून कुठं रं निघालास!"

चादरीतून आवाज आला, "गुरं नव्हती. टेम्पो हुता."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं घाईघाईनं स्वतःच्या तोंडावरची चादर काढली. "मी हाय बरं का अजून, मावशी!"

"आई!" साक्षी किंचाळली. "पाय धुतेय मी बाबांचा! त्यांना जखम बघवत नाही, म्हणून तोंड झाकलंय!"

"मग तू रडतीस कशाला?"

"वासानं पाणी येतंय डोळ्याला!"

जखम मी पाहिली. हाड दिसत होतं. मी पदर नाकाला लावून मागं सरले. पोरीचा हात मात्र थांबला नाही.

बाबांनी चादर खाली केली. "बाई, चांगलं रडता तुमी. मला मागं कुनी न्हाई. मी गेलो की या. पन टेम्पोच म्हना. लिंबं वाहिली त्यातनं जल्मभर."

"मरा तर खरं, येते!" लाजेनं दुसरं काय सुचणार मला? बाबा खोकला येईस्तोवर हसले.

पोरीला न्यायचं राहूनच गेलं.

पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. मी गेले. या खेपेला तोंडावरची चादर खरी होती. ना लेक, ना सून, ना भाऊबंद. खाटेशी एकटी साक्षी.

"आई, रड ना. कबूल केलंस तू त्यांना."

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना! बाबा वाट बघताहेत असं वाटत होतं, आणि मी नुसती जबडा वासून उभी.

शेवटी पोरगीच त्यांच्या कानाशी वाकली. हळूच म्हणाली, "बाबा, एवढा टेम्पो टाकून कुठं निघालात?" आणि हुंदका फुटला तिला.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा सगळं बघत होता. मला म्हणाला, "मावशी, माझ्या वेळंला तुमी नका येऊ. पोरीलाच धाडा."