भात काढल्यावर ताटात काय उरतं

आमच्याकडे जेवण म्हणजे भात. बाकी सगळं तोंडी लावायला. लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण, भेदऱ्याची, म्हणजे टमाट्याची चटणी, आणि हंगाम असला तर वालाच्या शेंगांची भाजी. नागभीडच्या या धानपट्ट्यात पाहुणा नुसत्या पोळीवर उठला तर आम्हाला तो उपाशीच गेल्यासारखा वाटतो.

म्हणून माझ्या मुलीनं पहिल्यांदा ताटातला भात उचलून गंजात परत टाकला आणि म्हणाली, "आज रेस्ट हाय, आई," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "पायाले रेस्ट दे ना वं, पोटाले काऊन देतेस?" तीही हसली. पण भात काही तिनं परत घेतला नाही.

ती वनरक्षकाच्या भरतीची तयारी करते. पहाटे गावातल्या पोरींसोबत ग्राउंडवर धावते. आठवड्यातून दोनदा आराम. तिथं शिकवणारे सर सांगायचे, धावायच्या दिवशी दाबून खा, आरामाच्या दिवशी जरा हात आखडा. त्यात सरांचं काय चुकलं? चुकलं ते पुढं. पोरींनी मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ पाहिला. त्या बाईनं आरामाच्या दिवशी ताटातला भात काढून दाखवला. तिच्या ताटात भात नसला तरी अंडी होती, पनीर होतं, दही होतं, वर दोन पोळ्या. आमच्या पोरींनीही भात काढला. उरलं काय? वरणाचं पाणी आणि चटणी! ज्या ताटात भाताशिवाय काही नसतंच, त्या ताटातून भात काढायची अक्कल आमच्याच मुलखात सुचू शकते, बाप्पा.

बाकीच्या पोरी आठ-पंधरा दिवसांत कंटाळल्या आणि पूर्वीसारख्या जेवू लागल्या. माझी मात्र त्यातच अडकली.

मी अंगणवाडीत आहे. लेकरांची वजनं घेते, घरोघरी जाऊन बायांना रागावते, अंडं द्या, डाळ घट्ट करा म्हणून सांगते. माझा आवाज मोठा आहे, बाया मला भितात. तोच आवाज मी घरी लावला. काही उपयोग झाला नाही. अंडी आणली, तर धावायच्या दिवशी खायची आणि आरामाच्या दिवशी पिवळं काढून कोंबड्यांना टाकायची. मग एके दिवशी ग्राउंडवरून आली आणि धावायचा दिवस असूनही भात घेईना. "आज नीट धावलीच नाई मी. टाइम खराब आला. मंग आज भी रेस्टच." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अवं, घाम गाळून आलीस, तो घाम का शेजारणीचा होता?" खाल्लं नाही तर पळायला जोर कुठून येणार, टाइम चांगला कुठून येणार, आणि टाइम चांगला आला नाही तर ही जेवणार कधी? हे मी तिला किती परींनी सांगितलं असेल. तिला ते पाठ होतं. माझ्याआधी तीच म्हणून दाखवायची.

गाल बसले. पाळी चुकली, मग येईनाशी झाली. तिचा बाप म्हणाला, "भूक लागली का खाईन ते." मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा चपला घालून धानाच्या बांधीकडे निघून गेला. त्याला तरी दुसरं काय सुचणार होतं?

मग मी एक केलं. तांदळाचं पीठ भाजून वरणात कालवायला लागले. वरण घट्ट झालं, दोन-तीन दिवस तिनं खाल्लं, मी मनात खूश. चौथ्यांदा तिनं वाटीत बोट बुडवून चाखलं. "आई, यात काय टाकलीस?" मी म्हटलं, डाळच जास्त आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पदरानं उगाच तोंड पुसलं. त्या दिवसापासून ती आपलं वरण वेगळ्या भगोन्यात स्वतः शिजवते. माझ्या हातचं खायचंच सोडलं. होती नव्हती ती वाटही मीच बुजवून बसले.

मागच्या महिन्यात दोघी पोरींनी तिला स्कूटीवर मध्ये बसवून घरी आणलं. पाय टेकवत नव्हता. चंद्रपूरला नेलं. फोटो काढला, नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन महिने हिला पूर्ण आराम, आणि भरपूर खाऊ घाला. पोटात गेलं तरच हाड भरेल." मुलीनं विचारलं, "मंग भरतीत धावता येईन?" ते म्हणाले, "खाल्लंस तर येईल."

खरं सांगते, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, सुटलो! आता भरतीसाठीच तिला खावं लागणार. घरी आल्या आल्या मी भात टाकला, नवा तांदूळ, घरभर वास सुटला. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिच्यासमोर ताट ठेवलं.

तिनं भाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दोन महिने रेस्ट सांगितली ना, आई."

"मंग?"

"मंग मी भात कसा खाऊ?"

मी ओरडले. "अवं, हाड कशानं भरन? डॉक्टर काय बोलले, आयकलंस ना?"

"आयकलं ना." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मले सारं समजते, आई. भूक भी लागते. लय लागते. पन हातच जात नाई."

इतके दिवस मी तिच्या हट्टाशी भांडत होते. हट्ट असता तर मी मोडलाच असता. मी खाली बसले, वरण-भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं आ केला. घास तोंडात घेतला, गालात धरला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"गिळ ना वं माय," मी म्हणत होते. "गिळ ना."

तिनं हो म्हणून मान हलवली, घास गालातच. तिला गिळायचं होतं.