पाच ग्लास आणि माझं नाक

मला दारूची भीती वाटते. पालीची वाटते तशी नाही, की किंचाळलं आणि संपलं. या भीतीत चेहरा हसरा ठेवावा लागतो. त्यामुळे नवऱ्याला वाईनचं वेड लागलं तेव्हा मी त्याला काहीच बोलले नाही. आणि मी गप्प बसणारी बाई नाही, हे न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या कुठल्याही मराठी घरात विचारा.

तो इथल्या एका संशोधन संस्थेत मातीवर काम करतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर एक फ्रेंच माणूस बसतो, बोर्डोजवळच्या खेड्यात वाढलेला. जेवणाच्या सुट्टीत तो द्राक्षांबद्दल बोलायचा आणि आमचे हे संध्याकाळी घरी येऊन मला ऐकवायचे. काबर्ने सोव्हिन्यों जातीचं द्राक्ष कडक, मर्लो मऊ, एकट्याने कुणाचंच भागत नाही, म्हणून फ्रेंच लोक त्यांचं मिश्रण करतात.

"म्हणजे भेसळच की," मी म्हणायचे.

"भेसळ काय गं! एखाद्या वर्षी थंडीने एक जात मार खाते, तेव्हा दुसरी सांभाळून घेते. वाईन म्हणजे दारू नव्हे, संस्कृती आहे ती."

"हो का? मग उद्यापासून नैवेद्याला ठेवते."

तो हसायचा. शुक्रवारी एक ग्लास घ्यायचा, एकच. पण माझे बाबाही एकच घ्यायचे, सुरुवातीला. हा माणूस त्यांच्यासारखा झाला तर मी या परमुलखात कुणाचं दार वाजवू, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात घुमत राहायचा. भाजी चिरताना घुमायचा, हॉस्पिटलात ड्यूटीवर औषधं मोजताना घुमायचा.

मग एका रविवारी त्या फ्रेंच माणसाने आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं. टेबलावर ब्रेड, चीज, आणि प्रत्येकापुढे पाच ग्लास. पाच! मी मनात म्हटलं, झालं, आज कल्याण आहे. पहिल्या चार ग्लासांत इथल्याच हॉक्स बे भागातल्या वाईन होत्या, प्रत्येक एकेका जातीच्या द्राक्षाची. पाचवी त्याने फ्रान्सहून जपून आणलेली. तिच्या बाटलीवर त्याने पायातला लांब मोजा चढवला होता, लेबल दिसू नये म्हणून. पाचवीत कुठली कुठली द्राक्षं आहेत ते ओळखायचं, असा खेळ.

"मी पीत नाही," मी सांगून टाकलं.

"मग नुसता वास घ्या," तो म्हणाला.

घेतला. पहिल्या ग्लासात जांभूळ आणि टोक काढलेल्या पेन्सिलीचं लाकूड. ती काबर्ने सोव्हिन्यों. दुसऱ्यात पिकून मऊ पडलेलं प्लम, म्हणजे मर्लो. तिसरी काबर्ने फ्रां, तिला चक्क नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास. चौथी माल्बेक, दाट आणि काळी. नाक ग्लासात होतं, पण डोळे नवऱ्याच्या हातावर. तो वास घेत नव्हता, पीत होता. दुसऱ्या ग्लासानंतर त्याचं हसू जरा मोठं झालं. तिसऱ्यानंतर त्याने टेबलावर थाप मारली, गमतीनेच, आणि मी खुर्चीत दचकले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचवा ग्लास मी नाकाशी धरला आणि विचार न करताच बोलून गेले. "यात दुसरी भरपूर आहे. तिच्या खाली तिसरी. पहिली आणि चौथी नाहीत."

त्याने मोजा काढला, बाटली माझ्यापुढे ठेवली आणि उठून उभाच राहिला. मर्लो आणि थोडी काबर्ने फ्रां. बस्स. हे जमायला लोकांना वर्षं लागतात, म्हणाला, तुम्ही कुठे शिकलात?

"अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" नवरा माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

"स्वयंपाकघरात शिकले," मी म्हणाले आणि हसले. ब्लाउजची पाठ घामाने ओली झाली होती.

परत येताना गाडी अर्थातच मी चालवत होते. शेजारून पाचही वासांची वाफ येत होती. तो थांबेचना. "मसाल्यांमुळे असेल, नाही? की आईकडून आलं तुला हे नाक? सांग ना."

"बाबांकडून," मी म्हणाले. आणि मग एकदाचं सांगितलं.

बाबा घरी यायचे तेव्हा आई मला दारात पाठवायची. मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची आणि अगदी जवळ उभं राहून वास घ्यायचा. ते बडीशेप खाऊन यायचे, वर लवंग, वर पान. त्या सगळ्याच्या खाली काय आहे ते मला ओळखावं लागायचं. रम असली तर ते रडायचे. देशी असली तर हात उचलायचे. दोन्ही मिसळलेलं असलं तर काय होईल ते देवालाही माहीत नसायचं, आणि तेव्हा मी आत वळून आईकडे नुसतं बघायचे. ती गॅस बंद करायची, चपला घालायची आणि मला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायची. माझं चुकून चालायचं नाही. एकदा चुकलं होतं, आईच्या भुवईवर अजून खूण आहे.

नवऱ्याला बाबा "तापट होते" एवढंच ठाऊक होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा मी गाडी पुढे काढली. मनात म्हटलं, आता हा म्हणेल की मी काय तसा आहे का, आणि आवाज चढवेल.

त्याने आवाज चढवला नाही. तो हळूच म्हणाला, "मी घरी येतो तेव्हा तू रोज दारात येतेस."

मी गाडी आमच्या रस्त्याला वळवली.

"बॅग घेतेस. अशी जवळ येऊन उभी राहतेस. मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझी बायको अजून दारात येते म्हणून." त्याने माझ्याकडे मान वळवली. "ते यासाठी?"

"आधी वास घेते," मी म्हणाले. "मग आनंद होतो."