टोमॅटोची राखण

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर, मी पहिल्यांदा मातीत बी टाकले. शेतकऱ्याच्या मुलीला हे सांगताना संकोच वाटतो. लहानपणी तामलवाडीच्या रानात गेले की वडील, म्हणजे आमचे दादा, मला बांधावरच्या चिंचेखाली बसवत. "तू पुस्तक वाच, बाई. मातीला आमी हाव की," म्हणत. ते मी इतके मनावर घेतले की पुढे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, पण खुरपे हाती धरले नाही.

म्हणूनच दसऱ्याला रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावला तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा.

दिवाळीनंतर दादांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ते धाराशिवला आमच्याकडे आले. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत. मी त्यांची एकुलती एक. त्यांनी कायमचे इथेच राहावे, असे मला फार वाटे. पण लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून जावे, मुक्काम ठोकू नये, यावर ते ठाम होते. कपड्यांची पिशवीसुद्धा त्यांनी रिकामी केली नाही. ती खाटेखाली तशीच भरलेली असे. "थेंब संपलं की जातो," ते रोज म्हणत, आणि मी रोज "बरं" म्हणत असे. एवढी वर्षे वर्गात बोलण्यात गेली, पण मनातले बोलायचे म्हटले की अजूनही माझा आवाज फुटत नाही.

एका सकाळी त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. हात साबणाने दोनदा धुतले होते. तरी दादा एकदम म्हणाले, "बाई, तुझ्या हाताला टमाट्याच्या पाल्याचा वास येतोय."

चोरी पकडली गेली. काळा चष्मा लावून, कठडा धरत ते गच्चीवर आले. पहिल्या डब्यापाशी थांबून त्यांनी बोटाने रोपे मोजली.

"आकरा? एका डब्यात?"

"सगळीच उगवली. उपटवेना."

"आन् पानी?"

"सकाळ-संध्याकाळ. एकेक लिटर, मोजून."

"मोजून!" ते मनापासून हसले. "मास्तरीणबाई, लई लाड चाललेत. जरा तहान लागू दे की त्यास्नी. न्हाईतर नुसता पालाच यील."

डब्यात एकच रोप ठेवायचे ठरले. उपटायला मात्र त्यांनी हात लावला नाही. "तुझं रान हाय. तूच उपट." मी डोळे मिटून एक देठ धरला.

"डोळं उगड, बाई. ठिवायचं तेच उपटशील."

त्यानंतर रोज कोवळ्या उन्हात आम्ही वर जाऊ लागलो. मी रोपे काठ्यांना बांधायची आणि दादांनी खुर्चीतून माझ्या गाठींना नावे ठेवायची, असा क्रम पडला. गाठ आवळली की ते म्हणत, "गळा नको दाबू त्याचा." त्या बोलण्यांची मला इतकी गोडी लागली की काही गाठी मी मुद्दाम चुकवल्या.

थेंब संपले त्याच आठवड्यात पहिला टोमॅटो लाल झाला. दादांची सकाळची एसटी ठरली होती. पिशवी दाराशी येऊन बसली होती. टोमॅटो तोडला, धुतला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"एवढा खाऊन जा, दादा."

त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला. "हे खायाचं नसतं. पयलं चांगलं फळ बियाला धरायचं. राख हाय का घरात?"

गॅसच्या स्वयंपाकघरात राख कुठली? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून वाटीभर घेऊन आले तेव्हा दादा पायरीवर बसून टोमॅटो पिळून बिया काढत होते आणि एसटी निघायला जेमतेम दहा मिनिटे उरली होती. त्यांनी सावकाश बिया राखेत घोळवल्या आणि वर्तमानपत्रावर पसरल्या.

"वाळाय चार-पाच दिस लागत्यात. चिमण्यांवर ध्यान ठिवावं लागतंय."

"मला नाही जमणार," मी म्हणाले. तसे ते जमण्यासारखे होते. मग, कुठून बळ आले कोण जाणे, पुढचे वाक्यही तोंडातून गेले. "तुम्ही राहा ना, दादा. चार दिवस नाही. राहाच."

ते एकेक बी बोटाने सुटी करू लागले. "लेकीच्या घरी कसं ऱ्हावं, बाई?"

मीही समोर बसून बिया सुट्या करू लागले. एसटी गेली असावी.

"राखनदार म्हणून ठिवतीस का?" ते अखेर म्हणाले. "दोन टायमाला भाकर, आन् च्या."

"ठेवते."

"च्यात साखर जास्ती लागंल. आधीच सांगतो."

शेजारच्या काकूंनी परवा विचारले, "दादा, अजून मुक्काम आहे वाटतं?" तर कठड्यावरून उत्तर गेले, "मुक्काम न्हाय. राखनीला हाय." बिया केव्हाच वाळून पुडीत गेल्या आहेत. चिमण्या त्यांच्याकडे एकदाही फिरकल्या नाहीत, पण तो विषय आम्ही दोघेही काढत नाही. दादांचे सदरे खुंटीवर आहेत. त्यांच्या पिशवीत आता आम्ही सुतळी आणि काठ्या ठेवतो.