बुवांच्या पुढे गेलेली गिटार

मे महिन्यात कूलरमधला वाळा भिजला, की मला सत्तरच्या दशकातली नागपूरची एक सकाळ आठवते. दिवाणखान्याच्या खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे होते, आत अंधारल्यासारखं झालं होतं. म्हातारे बुवा तोडी गात होते आणि साथीला पेटीऐवजी त्यांच्या मुलाच्या मांडीवर आडवी गिटार होती. बुवांनी सूर लावावा आणि गिटारीनं तो मागून अलगद उचलावा, असं चाललं होतं. डोळे मिटून ऐकणाऱ्या माझ्या मामांनी एकदम डोळे उघडले. "हा पोरगा बुवाच्या पुढं काहून चालून राहिला वं?" ते कुजबुजले. मग मलाही ऐकू आलं. बुवा वरच्या षड्जाकडे निघाले, की मुलगा तो आधीच लावून ठेवायचा. त्याची नजर तारांवर नव्हतीच, ती बापाच्या गळ्यावर होती. शेवटी बुवांनी हात वर नेला, तोंड उघडलं, आणि षड्ज घुमला. लोकांनी दाद दिली. मामा बुवांच्या ओठांकडे बघत होते. बुवांनी ओठ मिटले, हात खाली आणला, तरी सूर तसाच चालू होता. आजही तो षड्ज माझ्या कानात स्पष्ट आहे, बुवांचा आवाज मात्र काही केल्या आठवत नाही.