खोंडाच्या कानामागची तीट

ठमाबाईविषयी मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. तिच्या वाडीवर मी दोन वर्षं मास्तर होतो, तिच्या पडवीत कितीदा तरी ताक प्यालो. पण तिच्या मनात काय असतं ते मला एकदाच, आणि तेही अर्धवट, कळलं. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. ठमाबाईचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घर चालायचं दिराच्या, महिपतच्या, शब्दावर. ती दिवसातून दहा वेळा चिडायची, दोनदा रडायची आणि मध्येच पदर तोंडाला लावून हसत सुटायची. घरची गाय व्यायली आणि मेली, तेव्हा वासराला हिनंच पेज पाजून जगवलं. त्याचा खोंड झाला. त्याला ती हाक मारायची, "ए मरतुकड्या!"

१९३४ साली महिपतनं तो खोंड घाटावरच्या व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. ठमाबाई गोठ्याच्या दारात आडवी बसली. त्याच आठवड्यात पोलादपुरात गुरांचं प्रदर्शन होतं. शेवटी महिपत म्हणाला, "पयला नंबर आणलान तर र्‍हाऊ दे. नायतर सोमवारी व्यापारी येतोय वैनी, तवा रडायचं नाय."

परीक्षक एक गोरा साहेब होता. मला थोडं मोडकं इंग्रजी येई, म्हणून दुभाषा मी. साहेब प्रत्येक मालकाला विचारी, जनावराबद्दल समाधान आहे का? बिरवाडीचे मालोजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "असा बैल तालुक्यात दुसरा नाही." साहेबानं खूश होऊन लिहून घेतलं.

मग ठमाबाई. "कसलं समादान, मास्तर? काय जीव नाय त्यात. खातंय नि लोळतंय. तीन वर्सं रडवलान मला." आणि खरंच तिचे डोळे भरून आले.

मी शब्दाला शब्द सांगितला. तिथंच माझं चुकलं. साहेबानं वहीत काट मारली आणि पुढं सरकला. महिपतनं दावं हातात घेतलं.

चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण खोंडाच्या कानामागं काजळाचा ठिपका दिसला आणि काय झालं कोण जाणे, मी साहेबाची बाहीच धरली.

"साहेब, मी चुकीचं सांगितलं. आमच्याकडे जिवापाड जपलेल्याला कुणी चांगलं म्हणत नाही, दृष्ट लागते. ही तीट बघा. नकोशा जनावराला कोण तीट लावतं?"

"पण बाई रडते आहे."

"रडते, चिडते, आणि सुखी आहे."

"आमच्याकडे सुखी माणूस तसं सांगतो," असं पुटपुटत साहेब मागं फिरला. त्यानं खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, दोनदा चालवून घेतलं. मग वही उघडून मघाची काट खोडली.

पहिला नंबर!

हलगी कडाडली. बक्षिसाचा फेटा खोंडाच्या शिंगांना बांधला. महिपतनं दावं वहिनीच्या हातात दिलं, "धर वैनी, तुझाच हाय गो!" आणि स्वतः पुढं नाचू लागला. सगळ्या बाजारातून मिरवणूक गेली. ठमाबाई घळाघळा रडत होती आणि ओरडत होती, "सरळ चाल मेल्या, लोकं बघतात!"

पुढं माझी बदली झाली. पाचेक वर्षांनी महाडच्या बाजारात ती दिसली, ते शेवटचंच.

"काकी, कशी आहेस?"

"कशी असणार! गुडघं गेलं, महिपत आयकत नाय."

"आणि खोंड?"

"हाय, मरतुकडा."

"म्हणजे झकास चाललंय!"

"हळू बोला वो मास्तर," ती इकडंतिकडं बघत म्हणाली.