मिसाओताईंच्या बाहुल्या

चार मार्च उजाडला की मिसाओताईंचा पारा चढतो, आणि मी म्हणते, चढायलाच हवा. तोरिगोए व्यापाऱ्यांची ही शेवटची लेक, बिनलग्नाची. त्यांच्याच घराचं आता संग्रहालय झालंय आणि ताई तिथं माझ्या शेजारी बसून तिकिटं फाडतात. आमच्या जपानात तीन तारखेला मुलींचा, बाहुल्या मांडायचा सण संपला की त्या लगेच पेटीत जायला हव्यात, नाहीतर घरातल्या मुलीचं लग्न रखडतं. ताईंच्या बाहुल्या मात्र एप्रिलपर्यंत काचेत.

"संचालकसाहेब, आवरा की माझ्या बाहुल्या! दरवर्षी किती घसा कोरडा करायचा मी?"

"ताई, साठीत आता कसलं लग्न? सोडा त्या जुन्या समजुती. लोक बाहुल्या बघायलाच येतात."

"मग तुमच्या घरच्याही अजून मांडलेल्याच असतील!"

"छे, त्या कालच आवरल्या," साहेब बोलून गेले. "आमची पोरगी लग्नाची आहे ना!"