एमिलच्या पेडलांच्या सळया

एमिल ह्रुस्काचा सूर पहिल्यांदा चुकला तो नोव्हाकच्या हॉलमध्ये, एका शनिवारी, वॉल्ट्झ चालू असताना. मी त्याच्या मागेच ड्रमवर होतो. जिथे सूर रडत रडत वर जायचा, तिथे तो अर्ध्यावरच लोंबकळत राहिला. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. एमिलने मात्र वाकून खाली पाहिलं, कुणीतरी पायात पाय घातल्यासारखं.

त्याची स्टील गिटार म्हणजे चार पायांचं अरुंद टेबलच. वर तारा, त्यांवर डाव्या हाताने सरकवायची पोलादी कांडी, खाली जमिनीलगत पेडलं, आणि प्रत्येक पेडलापासून एक सळई वर गेलेली. डाव्या पायाने पेडल दाबलं की सळई खाली ओढली जाते, तार ताणली जाते आणि सूर चढतो. एमिल ते इतकं हलकेच करायचा की बाया नाचता नाचता नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकायच्या.

"सळई घसरली," गाणं संपल्यावर तो म्हणाला.

"सळई घसरली की पाय?" अर्विनने विचारलं. बँड अर्विनचा, अ‍ॅकॉर्डियनही तोच वाजवायचा. "बिअर किती झाल्या?"

"बिअर तू ढोस. गाणं मी सांभाळतो."

सगळे हसले. एमिलच्या बोलण्याला धार असायची आणि ती आम्हाला आवडायची.

ती गिटार बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, त्यामुळे सुटे भाग मिळत नसत. पण एमिलला त्याची काळजी नव्हती, कारण त्याच्या घरी अल्बिना होती. त्याची बायको गुरं वाहून न्यायचे ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात होती, केस पांढरे होईपर्यंत. निवृत्त झाली तरी गॅरेजमधला तिचा कामाचा ओटा स्वयंपाकघरापेक्षा चकचकीत असायचा. दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्या आल्या तिने झग्यावरच एप्रन बांधला आणि कामाला लागली.

मी शेजारीच राहतो, म्हणून पाहायला गेलो. तिने स्टेनलेसची बारीक सळई घेतली, जुनीच्या शेजारी ठेवून खूण केली, हॅकसॉने कापली आणि कानशीने टोक घासून गुळगुळीत केलं. मग ती व्हाइसमध्ये आवळून आटे पाडायला बसली. आटे कोरणारी डाय अर्धा फेरा पुढे, थोडी मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. दुसरं टोक तापवून तिने आकडी वळवली. एमिल खुर्चीत बसून नुसता सूचना देत होता.

"जरा लांब ठेव."

"आट्यावर कमीजास्त करता येते रे. तू कॉफी पी."

सळई बसवल्यावर त्याने वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. अल्बिनाने हात पुसले. त्या दिवशी ती दोघं खूश होती, हे मी पाहिलंय.

पुढच्याच शनिवारी सूर पुन्हा अडकला.

"सळई लांब झाली," एमिल म्हणाला. तिने आखूड केली. मग ती लवते म्हणाला, तिने जाड केली. मग जाड सळई जड जाते म्हणाला. मग एक नवी आणि दोन जुन्या यांचं जमत नाही म्हणून तिन्ही नव्या करायला सांगितल्या. तिने केल्या. गॅरेजच्या भिंतीला काढून टाकलेल्या सळयांचा भारा टेकलेला दिसू लागला. एकही वाकडी नव्हती.

एकदा एमिल डॉक्टरकडे गेला असताना अल्बिनाने मला हाक मारली.

"लॅडिस, जरा इकडे ये. त्याच्या खुर्चीत बस आणि पेडल दाब."

मी बसलो, दाबलं. सळई लोण्यासारखी चालली. तिने तारा छेडल्या, सूर हवा तिथे जाऊन थांबला. दुसरं पेडल, तिसरं पेडल, सगळीच नीट.

"यात काही दोष नाही गं," मी म्हणालो.

"नाहीच. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." ती ओट्यावरचा धातूचा कीस हाताने गोळा करत होती. "मागे थंडीत तो न्याहारीला आला, तेव्हा एका पायात सपात होती, दुसऱ्यात नव्हती. वाटेत कुठेतरी निसटली. त्याला पत्ताच नाही. तसाच बसून अंडी खाल्ली. मी सपात आणून पायात घातली, तेही त्याला कळलं नाही."

"साखर?"

"हो, साखरेचा आजार. डॉक्टर म्हणतात, पायातल्या नसा गेल्या, त्या परत येत नाहीत. तोही ऐकतो, हो हो म्हणतो. घरी आला की सळई बदल म्हणतो."

"मग सांगून टाक ना त्याला."

"काय सांगू? डॉक्टरने सांगितलेलं पुन्हा मी सांगू?" तिने कीस डब्यात टाकला. "सळई मला करता येते, लॅडिस. पाय करता येत नाही."

बँडमध्येही कुजबुज सुरू झाली होती. अर्विनने मला ट्रकमागे गाठलं. "तू त्याचा शेजारी. तूच सांग त्याला, थोडे दिवस आराम कर म्हणावं."

"बँड तुझा आहे. तू सांग."

"माझ्या लग्नात वाजवलंय रे त्याने. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

शेवटी कुणीच सांगितलं नाही.

उन्हाळ्यात चर्चच्या पॅरिशचा सण आला. दुपारपासून हॉलमागे ब्रिस्केटचं मांस आणि सॉसेज भाजणं चाललं होतं, बायकांनी कोलाचे नावाच्या गोड पावांचे ट्रे मांडले होते, ह्यूस्टनला गेलेली पोरंही गावी आली होती. अल्बिनाने आदल्याच आठवड्यात सळयांचा आणखी एक संच केला होता. एमिलने नवा शर्ट घातला होता आणि बूट पॉलिश केले होते.

पहिली दोन गाणी साधी होती, ती पार पडली. तिसरी होती वॉल्ट्झ, खास एमिलची, स्टील गिटारनेच सुरू व्हायची. जुनी जोडपी मुद्दाम तिच्यासाठी उठली. एमिलने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत दोन सूर एकदम चढले. त्याचा पाय एकाऐवजी दोन पेडलांवर पडला होता. मी मागून पाहत होतो, बूट तिरपा झाला होता. त्याला ते कळत नव्हतं, पण ऐकू येत होतं. कान त्याचा शाबूत होता. त्याने पाय उचलला, पुन्हा ठेवला, आणि या वेळी तो पेडलांच्या मधल्या फटीत गेला. सूर हललाच नाही. जोडपी पावलं टाकत राहिली, एकमेकांकडे न बघता. अर्विनने अ‍ॅकॉर्डियनने भोक बुजवायला घेतलं.

एमिलने डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर ठेवून दिली आणि हात मांडीवर घेतले. आम्ही गाणं कसंबसं संपवलं.

अल्बिना कोलाचेंच्या टेबलाकडून धावत आली.

"सळई गेली," एमिल म्हणाला. आवाज मोठा होता, पुढच्या टेबलांपर्यंत गेला. "हिला किती वेळा सांगितलं, आटे नीट पाड म्हणून. कारखान्यात काय करत होती कोण जाणे."

अल्बिना गुडघ्यांवर बसून पेडलांखाली बघू लागली, खरंच काही शोधत असल्यासारखी.

"हो, आटे झिजलेत," ती म्हणाली. "चुकलं माझं. घरी गेल्यावर दुसरी करते."

तिने आणि मी गिटार पेटीत भरली. आटे नव्याकोऱ्यासारखे होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी सणातून उरलेलं सॉसेज घेऊन गेलो. ती खरोखरच ओट्याशी उभी राहून सळई कापत होती. एमिल खुर्चीत होता, पण सूचना देत नव्हता.

"कशाला करतेस?" तो म्हणाला.

"तूच म्हणालास ना."

"मी काहीही म्हणेन." मग वाकून त्याने डावा बूट काढला, मोजा काढला. तळव्याला एक जखम होती, नाण्याएवढी, काळी पडलेली. ती केव्हा झाली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अल्बिनाने हॅकसॉ ओट्यावर ठेवला.

"ती सळई इकडे आण," तो म्हणाला. "आणि पायाला टेकव. मी डोळे मिटतो."

"एमिल, आधी डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. आधी टेकव."

ती खाली बसली आणि सळईचं गार टोक तिने त्याच्या अंगठ्याखाली टेकवलं. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. बराच वेळ झाला.

"टेकव ना," तो म्हणाला.

अल्बिनाने सळई आणखी दाबली. मला कातडीत खळगा दिसत होता.

"टेकवलीय," ती म्हणाली.

एमिलने डोळे उघडून खाली पाहिलं. मग मोजा चढवायला लागला, पण टाच नीट बसेना. अल्बिनाने ती बसवून दिली. "काल हॉलमध्ये मी तुला बोललो," तो म्हणाला. ती म्हणाली, "राहू दे." त्यापुढे तो विषय त्यांनी काढला नाही. मी सॉसेज ओट्यावर ठेवून निघालो.

जखम भरली नाही. हॅलोविनच्या आधी डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापला, आणि नाताळानंतर गुडघ्याखाली. अर्विन दोनदा भेटायला गेला, दोन्ही वेळा हवामानावर बोलून परतला. एकदा मी एमिलला म्हणालो, की पेडलांशिवाय नुसत्या कांडीने वाजवणारेही असतात, जुने लोक तसंच वाजवायचे. त्याने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"तुला एका काठीने ड्रम वाजवायला सांगितलं तर?" त्याने विचारलं.

"वाजवीन की."

"वाजवशील. ऐकायला कोण बसेल?"

बँडला व्हिक्टोरिया शहरातून नवा स्टील गिटारवाला मिळाला. तो चांगला आहे. बाया नाचतात, पण खांद्यावर डोकी टेकलेली मी पाहिली नाहीत. कदाचित मीच बघायचं सोडलं असेल.

एमिल घरात गाणं लावू देत नाही. टीव्हीवर जाहिरातीत गाणं वाजलं तरी आवाज बंद करतो. रविवारी चर्चनंतर त्याला चाकाच्या खुर्चीतून न्यायला दोघेजण लागतात आणि तो लोकांशी बोलत पायऱ्यांशी रेंगाळतो. तेवढ्यात अल्बिना पुढे जाऊन पिकअपमध्ये बसते, काचा वर करते आणि रेडिओवरचा पोल्का-वॉल्ट्झच्या गाण्यांचा कार्यक्रम लावते. मी बाजूने गेलो तर बोट ओठांवर ठेवते. खुर्चीची चाकं खडीवर वाजली की रेडिओ बंद करते आणि त्याला आत घ्यायला खाली उतरते.